परमाबॅनने माणूस सुधारतो का?

रात्रपाळी

शिव्या देणारा, मुद्दाम मरणारा, पहिला फटका बसला की 'हरलो, जीजी' टाइप करून कोपऱ्यात उभा राहणारा. असल्या खेळाडूचं खातं कायमचं बंद केलं की तो ताळ्यावर येतो, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. मला वाटत नाही. तरीही मी परमाबॅनच्या बाजूचा आहे. ही दोन्ही मतं एकाच डोक्यात कशी नांदतात ते सांगायला हा धागा. भांडायचं असेल तर बिनधास्त भांडा, रिपोर्ट करणार नाही.

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी: लीग ऑफ लेजंड्स, डोटा २, व्हॅलोरंट हे पाच विरुद्ध पाच खेळ. आपल्या बाजूचे चौघे बहुतेक वेळा अनोळखी. एक डाव अर्धा-पाऊण तास चालतो आणि मध्येच उठून गेलात तर शिक्षा तुम्हालाच. म्हणजे दुसऱ्या मिनिटाला कुणी आईबहिणीवर घसरला तरी उरलेला वेळ त्याच्याच सोबत काढायचा.

या दुखण्यावर लीगच्या रायट गेम्सने जितके औषधोपचार केले तितके क्वचितच कुणी केले असतील. २०११ मध्ये त्यांनी 'ट्रिब्युनल' आणलं. तक्रार झालेल्याचं चॅट इतर खेळाडूंपुढे ठेवायचं, शिक्षा की माफी ते त्यांनी ठरवायचं. पंचायतच म्हणा. २०१४ मध्ये ती गुंडाळली. निकाल यायला इतका वेळ लागायचा की आपण कुठल्या डावात काय बरळलो होतो हे आरोपी विसरून गेलेला असायचा.

याच काळात तिथे जेफ्री लिन नावाचा, मेंदूविज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस काम करत होता. त्याच्या टीमला जे सापडलं ते मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतं. सतत, सराईतपणे विखारी वागणारे खेळाडू साधारण १ टक्का. आणि एकूण घाणीत त्यांचा वाटा फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. बाकीची घाण तुमच्याआमच्यासारख्यांची, एरवी बरे वागणाऱ्यांची, त्या दिवशी डोकं फिरलेल्यांची.

आता परमाबॅन कुणावर चालतो? त्या १ टक्क्यावर. त्यांना हाकललंत तर हाकललेलं बरंच, त्यांच्यासोबत खेळणाऱ्या नऊ जणांची सुटका होते. पण 'सुधारणा' हा शब्द वापरायचा तर ती उरलेल्यांमध्ये व्हायला हवी आणि तिथे कायमच्या बंदीचं काही काम नाही. २०१५ मध्ये रायटने डाव संपल्यावर साधारण पंधरा मिनिटांत शिक्षा आणि सोबत पुरावा पाठवायला सुरुवात केली: तू अमुक अमुक बोललास, म्हणून ही शिक्षा. त्याच वर्षी लिनने लिहिलं की एक शिक्षा झाल्यावर जवळपास ९२ टक्के लोक पुन्हा तसं वागले नाहीत. शिक्षा छोटी, ताबडतोब आणि कारणासकट. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

चिंगी७९

वाचतेय. जीजी म्हणजे?

रात्रपाळी

'गुड गेम'. डाव संपल्यावर समोरच्याला शाबासकी म्हणून लिहायचं असतं. डाव सुरू असताना लिहिलं तर अर्थ 'तुमच्यामुळे हरलो, नालायकांनो'.

रंकाळा_स्नायपर

भावा, परमाबॅनला कोन घाबरतंय? माझा एक आयडी गेला, च्या गार व्हायच्या आत दुसरा तयार. गेम फुकट, ईमेल फुकट. सुधारायचा प्रश्नच कुठं येतोय. उलट नव्या आयडीवर खालच्या रँकची पोरं समोर येत्यात, लै मजा.

उंटावरचा_शहाणा

रात्रपाळी, धागा उत्तम, पण ते ९२ टक्के जरा हलक्या हाताने घ्या. कंपनीने स्वतःच्याच उत्तरपत्रिकेला दिलेले गुण आहेत ते. 'पुन्हा शिक्षा झाली नाही' म्हणजे 'सुधारला' नव्हे. तो गेम सोडून गेला असेल. फिल्टरला चकवायला शिकला असेल. किंवा वर स्नायपरभाऊ सांगतात तसा दुसऱ्या आयडीवर गेला असेल, आणि पहिला आयडी आकडेवारीत सज्जन म्हणून उरला असेल.

त्यांच्याच प्रयोगांपैकी मला जास्त पटलेला वेगळा आहे. विरुद्ध टीमशी बोलायची सोय त्यांनी आपोआप चालू न ठेवता, हवी असेल त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी असं केलं. बंदी नाही, एक कळ फक्त उलट्या बाजूला. वाईट चॅट जवळपास एक तृतीयांशाने घटलं आणि चांगलं वाढलं. कुणाला हाकललं नाही, कुणाला दम दिला नाही. शिक्षेच्या चर्चेत आपण हे विसरतो, कारण यात कुणाला बदडल्याचं समाधान मिळत नाही.

मिहिका_क

शहाणे, ते टाइप केलेल्या चॅटबद्दल झालं. व्हॅलोरंटमध्ये माइकवर बोलावंच लागतं. शत्रू कुठल्या बाजूने येतोय हे टाइप करेपर्यंत आपण मेलेलो असतो.

मुंबई सर्व्हरवर रात्री दहानंतर खेळून बघा, पण बाईच्या आवाजात. तोंड उघडलं की पहिलं वाक्य 'अरे लडकी है'. मग दोन फाटे. एक, गुळचट: आयडी दे, इन्स्टा दे. दुसरा, नाही म्हटल्यावर येणारा. दुसरा आला की समजायचं, पुढचा पाऊण तास गेला. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली माइकच लावत नाहीत, नावही बाईचं वाटणार नाही असं घेतात आणि मग 'कम्युनिकेशन करत नाही' म्हणून त्यांचाच रिपोर्ट होतो.

व्हॅलोरंटही रायटचाच. त्यांनी २०२२ मध्ये आवाज रेकॉर्ड करून तपासायची सुरुवात केली ती अमेरिकेत आणि इंग्रजीत. आपल्याकडे एक जण एका वाक्यात तीन भाषांतून शिव्या देतो, आणि टाइप करायची वेळ आली की रोमन लिपीत मध्ये आकडे घुसडून देतो. कुठली यंत्रणा ते पकडणार? त्यामुळे 'छोटी, ताबडतोब, कारणासकट' शिक्षा वगैरे वाचायला छान आहे. इथे मुळात पकडलंच जात नाही. आणि एखादा पकडला गेलाच तर तो सुधारतो का, यात मला काडीचा रस नाही. तो परत माझ्या लॉबीत येऊ नये, बास. परमाबॅन हा त्याच्यासाठी नाहीच, माझ्यासाठी आहे.

अश्विनी_जे

मिहिका +१००. आमच्याकडे हेडफोन काढून मुलगी रडत बाहेर आली तेव्हा मला हे सगळं पहिल्यांदा कळलं.

रंकाळा_स्नायपर

मिहिकाताई, पोरींना शिव्या मी कधी दिल्या न्हाईत. शिव्या देतो त्या फीड करणाऱ्याला. चार वेळा मेला की पाचव्यांदा तोंडातून जातंच. त्यात काय एवढं.

मिहिका_क

मुलगी नसली तर शिवी चालते का मग? आणि ती ज्याला जाते त्याची आई तर बाईच असते, स्नायपर.

रात्रपाळी

मिहिका, 'परमाबॅन माझ्यासाठी आहे' हे मी लिहायला हवं होतं त्यापेक्षा चांगलं लिहिलंत. तरी उलट बाजूचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मांडतो, कारण ते कुणीतरी काढणारच.

टायलर स्टाइनकँप, म्हणजे 'टायलर-वन'. अमेरिकी स्ट्रीमर. मनाविरुद्ध काही झालं की मुद्दाम मरत सुटायचं, चॅटमध्ये आग ओकायची आणि हजारो लोक ते लाइव्ह बघतायत. एकामागून एक खाती बंद होत गेली. शेवटी एप्रिल २०१६ मध्ये रायटने खात्यावर नव्हे, माणसावरच अनिश्चित काळाची बंदी घातली: तू कुठल्याही खात्यावर दिसलास की ते खातं गेलं. जवळपास पावणेदोन वर्षं हे चाललं. त्याने दुसरे गेम खेळून स्ट्रीम जिवंत ठेवला, मी सुधारलोय असं सांगत राहिला. मधल्या काळात एक विनोद घडला तोही सांगायला हवा. २०१७ मध्ये रायटच्याच एका कर्मचाऱ्याने चॅटवर या टायलरबद्दल इतकं गलिच्छ लिहिलं की त्याचीच कंपनीतली खुर्ची गेली. जानेवारी २०१८ मध्ये टायलरची बंदी उठली आणि परतीच्या पहिल्या स्ट्रीमला एका वेळी पावणेचार लाखांवर लोक बघत होते. एकट्या माणसाच्या स्ट्रीमचा ट्विच या स्ट्रीमिंगच्या साइटवरचा तेव्हाचा विक्रम. त्यानंतर तो ओरडतो, टेबलावर मुठी आपटतो, ते सगळं आहेच. पण ज्यासाठी हाकलला होता ते मुद्दाम हरणं आणि छळणं बंद झालं.

लोक म्हणतात, बघा, परमाबॅनने सुधारला. मी म्हणतो, नीट बघा. नवा आयडी काढून लपायची सोय त्याला नव्हती, चेहरा आणि आवाजच जगजाहीर. पोटापाण्याचा धंदा त्या खेळावर उभा होता. आणि परत यायचं दार अगदी शेवटपर्यंत किलकिलं होतं. या तिन्हींपैकी एकही गोष्ट स्नायपरला लागू नाही. म्हणजे ज्या बंदीने टायलर सुधारला ती 'कायमची' नव्हतीच.

उंटावरचा_शहाणा

हेच व्यावसायिक खेळाडूंचंही. 'आयविलडॉमिनेट' नावाने खेळणाऱ्या क्रिस्टियन रिवेराला डिसेंबर २०१२ मध्ये रायटने वागणुकीसाठी स्पर्धांतून एक वर्ष बाहेर काढलं. तो परतला, वरच्या पातळीवर वर्षानुवर्षं खेळला आणि पुढे बऱ्यापैकी लोकप्रियही झाला. डेन्मार्कच्या येन्सनवर २०१३ मध्ये बंदी आली, ती २०१५ मध्ये उठली आणि तो क्लाउड नाइन या टीमकडून खेळू लागला. दोघांपुढेही करिअर उभं होतं.

पण अशी उदाहरणं मोजताना सावध राहा. बंदीनंतर परत येऊन चमकले तेच आपल्याला माहीत असतात.

गोकर्ण

मध्येच विचारते, माफ करा. मुलाचा बीजीएमआयचा आयडी १० वर्षांसाठी बॅन झालाय. वय वर्षं पंधरा. तो म्हणतो शिव्या दिल्या म्हणून झाला. जेवत नाहीये. काही करता येतं का?

हिमवर्षाव

गोकर्ण, बीजीएमआय म्हणजे पबजी मोबाइलचाच भारतीय अवतार. १० वर्षांची बंदी हा त्या घराण्याचा शिक्का आहे आणि तो सहसा चीटिंगसाठी बसतो. शिव्यांसाठी चॅट बंद होणं, थोड्या दिवसांची बंदी, असलं काही होतं. मुलाला शांतपणे विचारा, फोनमध्ये कुठलं वेगळं अ‍ॅप टाकलं होतं का, भिंतीपलीकडचं दाखवणारं किंवा नेम आपोआप लावणारं. कधीकधी मित्राने 'टाकून दिलेलं' असतं. त्याने खरंच काही केलं नसेल तर गेममधल्या कस्टमर सपोर्टला लिहा, तारखेसकट.

यानिमित्ताने सगळ्यांना: चीटिंग आणि टॉक्सिक वागणं एकाच पोत्यात भरू नका. चीटिंग थंड डोक्याने होतं. सॉफ्टवेअर शोधावं लागतं, बहुतेकदा पैसे मोजावे लागतात. तिथे कायमची बंदी मला रास्त वाटते. आठवा २०१८, काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेमची शांघायची स्पर्धा, भारतीय टीमचा 'फोरसेकन' भर सामन्यात पकडला गेला. चीटच्या फाइलचं नाव 'वर्ड' ठेवलं होतं. पाच वर्षांची बंदी आली आणि टीमच बरखास्त झाली. त्याला कुणी 'त्या दिवशी त्याचं डोकं फिरलं होतं' म्हणणार नाही. शिवी तशी नाही, ती क्षणात सुटते.

आणि चीटिंगमध्येही 'कायमचं' हा शब्द पातळ होतो. वॉल्व म्हणजे डोटा आणि काउंटर-स्ट्राइकवाली कंपनी. तिची व्हॅक बंदी, म्हणजे चीट पकडणाऱ्या यंत्रणेची बंदी, कायमची असते, सपोर्टवालेसुद्धा ती उठवू शकत नाहीत. फिनलंडच्या 'जाम्पी' या काउंटर-स्ट्राइक खेळाडूच्या एका जुन्या खात्यावर ती होती, म्हणून त्याला मोठ्या स्पर्धा बंद. खातं मित्र वापरत होता असं त्याचं म्हणणं. वॉल्वविरुद्ध खटला लढला, हरला. आणि त्याच वर्षी, २०२१ मध्ये, वॉल्वने आपणहून नियम बदलला: बंदी ५ वर्षांहून जुनी असेल तर स्पर्धेला आडकाठी नाही.

मी काही वर्षं एका गेम कंपनीच्या ग्राहकसेवेत कंत्राटी काम केलं आहे, नाव घेत नाही. बंदीविरुद्धचे अर्ज वाचणं हेच काम. 'भावाने केलं' हा सगळ्यात लोकप्रिय बचाव, त्याखालोखाल 'मी तर गंमत करत होतो'. मी वाईट वागलो असं लिहिणारे फार थोडे, आणि त्यांच्याही अर्जाचा शेवट बहुधा खात्यात किती पैशांचे स्किन (पात्रांचे, हत्यारांचे विकतचे पोशाख) आहेत त्यावर व्हायचा. सुरुवातीला मला याचा राग यायचा. नंतर लक्षात आलं की परत यावंसं वाटायला त्यांच्याकडे तेवढं एकच कारण आहे, आणि ते कारण कामाचं आहे.

सत्तूबापू

मी खेळत नाही. नातू खेळतो, मी त्याचा आरडाओरडा ऐकतो. पण शिक्षेने माणूस सुधारतो का, हा प्रश्न आमच्या मुलखाला नवा नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानात १९३९ साली पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या पुढाकाराने तिथे कैद्यांची मुक्त वसाहत निघाली. भिंत नाही, बेड्या नाहीत. बायकोमुलांसह राहायचं आणि जमीन कसायची. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे राहिली. पळायला रान मोकळं होतं, पण शेत आणि संसार टाकून पळायचं कुठे? तुमच्या रात्रपाळींनी टायलरबद्दल जे लिहिलं ते मला तरी याच जातीचं वाटलं. हाकलून दिलेल्याकडे गमावण्यासारखं काय उरतं?

मिहिका_क

सत्तूकाका, तुमचा मुद्दा कळतो आणि आवडतोही. पण स्वतंत्रपुरात ज्यांच्या घरचा माणूस मारला गेला त्यांना त्याच वसाहतीत शेजारी राहायला कुणी लावलं नव्हतं. आम्हाला लावतात. 'त्याला अजून एक संधी द्या' म्हणजे व्यवहारात 'तिने अजून एक डाव सहन करावा'. सुधारणेचा खर्च कोण भरतं हे आधी ठरवा.

सत्तूबापू

यावर माझ्याकडे उत्तर नाही, पोरी.

लिंबूसरबत

डोटाने यावर एक उत्तर काढलंय. 'लो प्रायॉरिटी'. मध्येच पळणारे, रिपोर्ट खाल्लेले सगळे एकमेकांतच खेळतात. ठरावीक डाव जिंकल्याशिवाय बाहेर यायचं नाही, आणि तेही सिंगल ड्राफ्टमध्ये, म्हणजे आवडीचं पात्र मिळेलच असं नाही. शिवाय प्रत्येकाला वागणुकीचे गुण असतात, पूर्वी १०,००० पैकी, आता १२,००० पैकी. ढोबळमानाने सारख्या गुणांचे लोक एकत्र पडतात. फार खाली घसरलात की बोलायची सोयही जाऊ शकते. मिहिकाच्या प्रश्नाला हे थोडंफार पुरतं: त्याला संधी द्या, पण त्याच्याच भाऊबंदांच्या जिवावर.

तिथलं वातावरण मात्र विचारू नका. पाचही जण एकमेकांना शिकवतात.

मिहिका_क

पाचही जण एकमेकांना शिकवतात. मला चालेल!

स्नायपर, एक विचारू? तुझं स्किनवालं मेन खातं गेलं असतं तर?

रंकाळा_स्नायपर

ते कशाला जाईल. त्या आयडीवर मी शिव्या देतच न्हाई. पाच-सहा हजार घातल्यात त्यात. डोकं फिरलं की लॉगआऊट मारायचं आन् दुसरा आयडी काढायचा.

उंटावरचा_शहाणा

अख्ख्या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. स्नायपरभाऊ, चेष्टा नाही करत.

रात्रपाळी

स्नायपर, तुला स्वतःला आवरता येतं हे तूच सांगितलंस. 'तोंडातून जातंच' असं काही नसतं, जाऊ द्यायचं कुठे ते ठरवूनच जातं. लिनच्या १ टक्क्याबद्दलही मला आता जरा शंका आली. त्यातली किती माणसं खरंच दुसरी माणसं होती आणि किती आपलेच दुसरे आयडी?

मग नवं खातं काढणं महाग करा, हा पुढचा मुद्दा येतो. ब्लिझर्ड कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ या गेमला मोबाइल नंबर सक्तीचा केला. प्रीपेडवाले अडकले, बोंब झाली, काही दिवसांतच जुन्या खेळाडूंपैकी बहुतेकांना त्यातून सूट द्यावी लागली. दक्षिण कोरियात खातं खऱ्या ओळखीला बांधलेलं असतं. दुसऱ्याचं खातं पैसे घेऊन वर चढवून देण्याच्या धंद्याविरुद्ध तिथे २०१९ पासून कायदाच आहे. तिथे खातं गेलं की माणसाला ते लागतं. वॉल्वने २०२३ मध्ये डोटातली ९०,००० दुय्यम खाती एका झटक्यात बंद केली आणि इशारा दिला की यापुढे दुय्यम खात्याची शिक्षा मूळ खात्यालाही भोगावी लागेल. मला हा सगळ्यात शहाणपणाचा रस्ता वाटतो. स्नायपरचं मेन त्याच्या शेंबड्या आयडीच्या वागण्याला जामीन राहिलं पाहिजे.

रंकाळा_स्नायपर

हे मातुर वंगाळ हुईल.

हिमवर्षाव

आधार जोडा म्हणायला आता कुणीतरी येईलच, त्याच्या आधीच सांगते: नको. शिव्या थांबवायला पंधरा वर्षांच्या मुलांची ओळखपत्रं गेम कंपन्यांच्या हातात द्यायची नाहीत. नंबर पुरे. तोही नीट सांभाळला तर.

गोकर्ण

हिमवर्षाव, विचारलं मुलाला. मित्राने कसलंसं अ‍ॅप टाकलं होतं. शिव्यांचं त्याने बनवून सांगितलं, ते सांगायला कमी लाज वाटली म्हणे! आता अडचण वेगळीच. फोन घरात एकच आहे, त्यावर धाकटीही खेळते, तिचा स्वतःचा आयडी आहे. तिचंही आता सुरू होत नाहीये.

हिमवर्षाव

म्हणजे फोनच बंदीत गेला असावा. बीजीएमआयवाले २०२१ च्या डिसेंबरपासून चीट सापडलं की डिव्हाइसही बंद करतात. फोन फॉरमॅट करून काही होणार नाही आणि 'अनबॅन करून देतो' म्हणणाऱ्या टेलिग्रामवाल्यांना एक रुपयाही देऊ नका. मुलीच्या आयडीवरून सपोर्टला वेगळी तक्रार करा. फोन एकत्र वापरतो हे स्पष्ट लिहा, भावाचं काय झालं तेही लपवू नका. नुसतं 'भावाने केलं' लिहाल तर वाचणारा पुढे जाईल, कारण तसले अर्ज रोजचेच. तिने शेवटचा डाव कधी खेळला ती वेळ द्या, आयडीचा नंबर द्या. दुसऱ्या फोनवर तिचा आयडी उघडतो का तेवढं आधी बघून घ्या. उघडला तर खातं शाबूत आहे.

गोकर्ण

बहिणीच्या फोनवर बघते रात्री.